मराठी भावगीतं आणि चित्रगीतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावगीत नेमकं कशाला म्हणायचं?

जी कविता एका माणसाच्या मनातली एकच भावना धरून चालते, जी चालीत बांधली जाते आणि गाताना जिचा शब्द न् शब्द ऐकू येतो, ते भावगीत. नाट्यगीतात गायकाला तानांची मोकळीक असते. लावणीत नाच आणि ढोलकी यांचा वाटा शब्दांइतकाच असतो. भावगीतात गायकाने शब्दांना धक्का लावायचा नसतो. यशवंत देवांनी यासाठी 'शब्दप्रधान गायकी' हा शब्द रूढ केला आणि त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं.

चित्रपटातली कितीतरी गाणी घराघरांत भावगीत म्हणूनच गायली जातात. त्यामुळे खाली दोन्ही प्रकारांबद्दल मिळूनच लिहिलं आहे. ती भिंत ऐकणाऱ्यांनी कधीच पाडली आहे.

पहिलं मराठी भावगीत कोणतं?

हा मान साधारणपणे 'रानारानात गेली बाई शीळ' या गाण्याला दिला जातो. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३२ साली तिची ग्रामोफोनची तबकडी निघाली. त्याआधी कविता गायल्या जात नव्हत्या असं नाही. ग्वाल्हेरचे भा. रा. तांबे तर कवितेच्या डोक्यावर राग आणि ताल लिहून ठेवत. पण छापलेली कविता तबकडीवर आली आणि नाटकाच्या तिकिटाशिवाय घरात वाजू लागली, ती इथून पुढे.

जुनी गाणी तीन-सव्वातीन मिनिटांतच का संपतात?

कारण तबकडी तिथेच संपायची. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटंच मावत. सुरुवातीचं वाद्यसंगीत, ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यांचे तुकडे, सगळं त्यातच बसवायचं. पाच-सहा कडव्यांची कविता असेल तर काही कडवी गाळावीच लागत. एखादं गाणं तुम्हाला पाठ असेल आणि कवितासंग्रहात त्याची आणखी कडवी सापडली, तर गोंधळू नका. ती कुणी नंतर घुसडलेली नाहीत, तबकडीनेच ती बाहेर ठेवली होती.

या आवळपणाचा फायदाही झाला. संगीतकाराला पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत गाण्याची ओळख पटवून द्यावी लागे. आजही नुसती सुरुवातीची बासरी वाजली की माणसं गाणं ओळखतात, ते यामुळेच.

आकाशवाणीला ही मर्यादा नव्हती, आणि तिथून पुढचा प्रश्न निघतो.

'गीतरामायण' वर्षभर चाललं, मग गाणी ५२ नसून ५६ कशी?

वारांचा हिशेब मांडला की लगेच कळतं. पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी लागलं. तो शुक्रवार होता. नवं गाणं दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागायचं आणि शनिवारी-रविवारी पुन्हा ऐकवलं जायचं. मालिका संपणार होती ती पुढच्या रामनवमीला. पण शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक आला, वर्ष महिन्याने लांबलं आणि पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ ला, गुरुवारी पडली. या काळात शुक्रवार आले ५५, आणि शेवटचा रामनवमीचा गुरुवार धरून ५६.

म्हणजे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांनी ५६ आठवडे दर आठवड्याला एक नवं गाणं दिलं. कल्पना आकाशवाणीतले सीताकांत लाड यांची. पुणे केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं (सुरुवात २ ऑक्टोबर १९५३). शिवाय माहिती आणि प्रसारण मंत्री बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली होती आणि ती जागा केंद्रांना स्वतःच्या सुगम संगीताने भरायची होती. केसकरांना त्यासाठी पुष्कळ बोल लावले गेले आणि त्यातले बरेच रास्तही होते. पण मराठी भावगीताला त्या रिकाम्या वेळेचा लाभ झाला, हेही खरं.

पहिलं गाणं ऐनवेळी हरवलं होतं, ही गोष्ट खरी का?

माडगूळकर-फडक्यांच्या आठवणींत ती नेहमी येते. 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' या गाण्याचा कागद फडक्यांकडून गहाळ झाला, माडगूळकर भडकले, लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून दाराला कडी घातली आणि पाव तासात गाणं पुन्हा लिहून झालं, असं सांगितलं जातं. त्यातल्या मिनिटांवर कुणी पैज लावू नये. पण दर आठवड्याला गाणं लिहून, चाल लावून, बसवून ध्वनिमुद्रित करायचं म्हटल्यावर असे प्रसंग घडणारच.

'पराधीन आहे जगती'मधली ओंडक्यांची उपमा माडगूळकरांना सुचली का?

नाही, ती वाल्मीकींची आहे. त्यामुळे गाणं लहान होत नाही, उलट माडगूळकरांची ताकद इथेच दिसते.

अयोध्याकांडाचा १०५ वा सर्ग उघडा. चित्रकूटावर भरत रामाला परत न्यायला आला आहे आणि राम त्याची समजूत घालतो आहे. 'नात्मनः कामकारोऽस्ति पुरुषोऽयमनीश्वरः', माणूस आपल्या मर्जीचा मालक नाही. हेच गाण्याचं ध्रुवपद. लगेच पुढे 'सर्वे क्षयान्ता निचयाः पतनान्ताः समुच्छ्रयाः', साठवलेलं सगळं सरतं आणि चढलेलं सगळं पडतं. हे एका कडव्यात जवळपास जसंच्या तसं आलं आहे. आणि थोडं पुढे 'यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे'. महासागरात दोन लाकडं एकमेकांना भेटतात आणि काही काळाने दुरावतात. महाभारताच्या शांतिपर्वातही हा श्लोक थोड्या फरकाने सापडतो.

माडगूळकरांनी 'काष्ठ'चा 'ओंडका' केला. काष्ठ संस्कृतातलं, शोभिवंत. ओंडका मात्र जड आणि ओबडधोबड, लाकडाच्या वखारीत पडलेला. त्या एका शब्दाने श्लोक मराठी घरात आला. म्हणूनच हे गाणं अंत्यविधीनंतरच्या शोकसभेतही म्हटलं जातं आणि ज्यांनी वाल्मीकी उघडलेला नाही त्यांनाही ते आपलं वाटतं. गाणं यमन कल्याण रागाच्या अंगाने जातं, म्हणजे सांत्वन करताना चालही रडकी होत नाही. आणि एवढी कडवी एका दमात ऐकवता आली, कारण तिथे सव्वातीन मिनिटांची नव्हे, पंधरा मिनिटांची वेळ हाताशी होती.

'तोच चंद्रमा नभात' हेही संस्कृतवरून घेतलं आहे म्हणतात. कितपत?

सुरुवात घेतली आहे. पुढे गाणं उलट दिशेला जातं.

शीला भट्टारिका या कवयित्रीचा 'यः कौमारहरः स एव हि वरस्ता एव चैत्रक्षपाः' हा श्लोक मम्मटाने 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात उद्धृत केला आहे. त्यातली स्त्री म्हणते की प्रियकर तोच, चैत्राच्या रात्री त्याच, मालतीचा गंध आणि कदंबावरून येणारा वारा तोच, मीही तीच. तरी मन ओढ घेतं रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या त्या वेताच्या झाडाखाली. शांता शेळके यांनी तो चंद्र, ती चैत्राची रात्र आणि 'तेच, तीच'ची पुनरुक्ती उचलली. पण बोलणारा पुरुष केला आणि शेवटही बदलला. श्लोकातल्या स्त्रीची ओढ अजून जिवंत आहे, तिला फक्त जागा बदलून हवी आहे. गाण्यातल्या माणसाकडे सगळं आहे, पण ती ओढच उरलेली नाही. सुधीर फडक्यांनी चाल दिली आणि स्वतःच गायलं. त्यांनी शब्दांवर दुःख थापलं नाही, शांतपणे विचारल्यासारखं गायलं.

गाताना या गाण्यात एक मोठा सापळा आहे. त्याबद्दल पुढे.

'इंद्रायणी काठी' हा कोणत्या संताचा अभंग?

कोणत्याच नाही. गीत ग. दि. माडगूळकरांचं, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, आवाज भीमसेन जोशींचा, चित्रपट 'गुळाचा गणपती' (१९५३). तरीही भजनाच्या वह्यांत आणि कार्यक्रमपत्रिकांवर त्यापुढे 'पारंपरिक' किंवा थेट 'संत ज्ञानेश्वर' असं छापलेलं दिसतं.

चूक होण्याला कारण आहे. अक्षरं मोजा : इंद्रायणी काठी (६), देवाची आळंदी (६), लागली समाधी (६), ज्ञानेशाची (४). संतांनी वापरलेल्या मोठ्या अभंगाचा हा तंतोतंत साचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही नियमाप्रमाणे जुळलेलं.

मग ओळखायचं कसं? दोन खुणा पाहा. पहिली, नाममुद्रा. संतांच्या अभंगात शेवटी बहुधा 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'चोखा म्हणे' किंवा ज्ञानदेवांचं 'बापरखुमादेवीवरु' येतं. ती नसेल तर शंका घ्या. दुसरी, सांगणारा कोण आहे ते बघा. इथे ज्ञानेशांची समाधी कुणी तिसराच पाहतो आहे, तेव्हा गाणं ज्ञानेश्वरांचं असणं शक्य नाही.

याच चुकीला बळी पडणारी आणखी काही (आधी कवी, मग संगीतकार) :

- 'कबीराचे विणतो शेले' : माडगूळकर, पु. ल. देशपांडे, गायिका माणिक वर्मा, 'देव पावला' (१९५०)
- 'विठ्ठला तू वेडा कुंभार' : माडगूळकर, सुधीर फडके, 'प्रपंच' (१९६१)
- 'कानडा राजा पंढरीचा' : माडगूळकर, सुधीर फडके, गायक फडके आणि वसंतराव देशपांडे, 'झाला महार पंढरीनाथ' (१९७०). 'कानडा विठ्ठल' ही कल्पना मात्र ज्ञानदेवांची, 'पांडुरंगकांती' या विरहिणीतली (विरहाच्या अभंगातली).

गाणं इतकं आपलंसं व्हावं की कवीचं नाव गळून पडावं, हा कवीचा गौरव, असं काही जण म्हणतात. आमच्या मते पत्रिका छापणाऱ्याने ही सबब सांगू नये.

उलट घडलं आहे का, म्हणजे खरंच जुनं असलेलं गाणं सिनेमाचं वाटतं असं?

'घनश्याम सुंदरा श्रीधरा अरुणोदय झाला'. रचना उत्तर पेशवाईतल्या होनाजीची. होनाजी शिलारखाने जातीने गवळी, आणि त्याचं काव्य गायचा बाळा करंजकर, म्हणून जोडनाव 'होनाजी बाळा'. 'अमर भूपाळी' (१९५१) मध्ये वसंत देसाईंनी चाल दिली, आणि लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांनी ते गायलं.

गवळ्याची सकाळ त्यात खरीखुरी आहे : क्षीरपात्र घेऊन धार काढणं, गाईंचं हंबरणं, आणि 'लक्षिताती वासुरें', म्हणजे दूध पिण्यासाठी वाट बघणारी वासरं. 'लक्षिताती' हे एकच क्रियापद आहे. 'लक्षिता ती' असं तोडून म्हटलं की अर्थ मोडतो. दुसरा घोटाळा 'द्विजगण' या शब्दाचा. इथे ब्राह्मणांचा काही संबंध नाही. द्विज म्हणजे पक्षी : एकदा अंडं म्हणून, एकदा अंड्यातून बाहेर, असा दोनदा जन्मलेला. संध्याकाळी झाडावर गोळा झालेले पक्षी अरुणोदय होताच चरायला उडाले, एवढं साधं चित्र आहे.

'ऐरणीच्या देवा तुला'चे संगीतकार आनंदघन कोण?

लता मंगेशकर. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटातलं हे गाणं जगदीश खेबुडकरांचं. लोहाराच्या घरचं गाणं आहे हे त्यातल्या ठिणगीवरून आणि ऐरणीवरून कळतंच, ठेकाही घणाच्या घावासारखा जमिनीवर पडतो. राज्य पुरस्कारांत संगीताचं बक्षीस आनंदघनला जाहीर झालं, तेव्हा हे टोपणनाव कुणाचं ते उघड झालं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा' आणि 'तांबडी माती' हेही आनंदघनचेच.

'जय जय महाराष्ट्र माझा' पूर्ण म्हणायचं की दोन कडवी?

राज्यगीत म्हणून म्हणत असाल तर दोनच कडवी. राजा बढे यांचं गीत, श्रीनिवास खळे यांचं संगीत, शाहीर साबळे यांचा आवाज. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते महाराष्ट्राचं राज्यगीत आहे. इतर कार्यक्रमात पूर्ण म्हणायला काहीच हरकत नाही.

एकाच गाण्याची पाच-सहा ध्वनिमुद्रणं सापडतात. मूळ कोणतं?

ॲपवर दिसणाऱ्या सालावर विसंबू नका. ते बहुतेक वेळा संकलनाचं साल असतं. १९५३ चं गाणं तिथे २००५ चं म्हणून मिरवतं. त्याऐवजी हे तपासा :

१. गायक कोण? 'गीतरामायणा'चं आकाशवाणीवरचं मूळ प्रसारण माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक अशा अनेकांच्या आवाजांत होतं. आज सर्वत्र मिळतो तो फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातला नंतरचा संच.

२. वाद्यं कोणती? पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यात कीबोर्डचे तरंगते सूर किंवा यांत्रिक ठेका ऐकू आला, तर ते नंतरचं.

३. पट्टी हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या मधेच पडते का? मग तबकडीवरून उतरवताना वेग चुकला असण्याची शक्यता मोठी. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की गाणं एका पट्टीने चढतं आणि गायकाचा आवाज कोवळा वाटू लागतो. अशा प्रतीवरून चाल बसवू नका, अगोदर वेग दुरुस्त करा.

काही गाण्यांत 'मूळ' हा शब्दच फसवा असतो. सुधीर मोघे यांचं 'सखी मंद झाल्या तारका' राम फाटकांनी पुणे आकाशवाणीसाठी भीमसेन जोशींकडून गाऊन घेतलं. पुढे लोकांच्या कानात बसलं ते सुधीर फडक्यांच्या आवाजात. आधीचं भीमसेनांचं, गाजलेलं बाबूजींचं, म्हणजे फडक्यांचं. दोन्ही ऐका.

घरच्या मैफलीत किंवा मंडळात ही गाणी बसवायची आहेत. पट्टी कोणती धरायची?

मूळ गायकाची पट्टी धरू नका. नव्वद टक्के फजिती तिथेच होते. आधी गाण्यातला सर्वांत उंच सूर शोधा. तो बहुतेकदा कडव्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत असतो. तो शब्दासह सलग तीनदा, घसा न ताणता म्हणता येतो का पाहा. मग सर्वांत खालचा सूर. दोन्ही जमले की षड्ज, म्हणजे तुमचा 'सा', ठरला. हार्मोनियमवर पुरुषांचा षड्ज साधारण काळी एक ते पांढरी दोन आणि स्त्रियांचा काळी तीन ते काळी पाच यांच्या आसपास येतो, पण हा नुसता अंदाज आहे. समूहात गाताना आणखी एक पट्टी उतरवा, कारण उंच सुरावर गर्दी बेसूर होते.

नवशिक्यांनी भूप रागातल्या गाण्यांनी सुरुवात करावी. 'स्वये श्री रामप्रभू' भूपातलंच. पाचच सूर, सा रे ग प ध. पांढरी एक हा षड्ज धरला तर पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा, काळ्या पट्टीला बोट लागतच नाही. चूक होते ती गंधारावरून (ग) पंचमाला (प) जाताना मधे मध्यम (म) घासल्याने. बोट उचलून ठेवा, सरकवू नका.

शब्द पाठ आहेत, सूरही बरा आहे, तरी गाणं 'तसं' वाटत नाही. काय चुकतं?

बहुधा श्वास किंवा च-जचे उच्चार.

श्वास शब्दाच्या मधे तुटला की भावगीत संपलं. कागदावर गाणं लिहून घ्या आणि श्वासाच्या जागी उभी रेघ मारा. रेघ नेहमी अर्थ पुरा होतो तिथे यावी. ताल त्याआड येत असेल तर आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर किंचित आखडता घ्या, पण शब्द फोडू नका.

आता 'तोच चंद्रमा'मधला सापळा. मराठीत च दोन. 'तोच' आणि 'तीच'मधला च दंत्य, 'चमचा'तल्यासारखा. 'चंद्रमा' आणि 'चैत्र'मधला तालव्य, 'चहा'तल्यासारखा. पहिल्या दोन शब्दांत हे दोन च लागोपाठ येतात. हिंदी गाण्यांचा सराव असलेले गायक दोन्ही तालव्य म्हणतात आणि गाणं एकदम परकं होतं. हे दोन शब्द आधी नुसते बोलून बघा, हळू, दहा वेळा, मग सुरात. तीच गोष्ट 'ळ' आणि 'ण'ची : लांबवताना त्यांचा 'ल' आणि 'न' होऊ देऊ नका.

इंदूरमध्ये वाढलेले, पेशाने वस्त्रोद्योगातले अभियंते असलेले अरुण दाते मराठी भावगीताचा आवाज झाले, ते गळ्यात फार काही करून दाखवल्यामुळे नाही. 'शुक्रतारा मंद वारा' सुधा मल्होत्रांबरोबर गाताना ते प्रत्येक शब्द समोर बसलेल्याला सांगावा तसा सांगतात. त्या गाण्यात खळ्यांची चाल वाटते तितकी सोपी नाही. ती सोपी वाटावी म्हणून दोघांनी घेतलेले कष्ट कानाला जाणवत नाहीत, एवढंच.

तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर परवानगी लागते का?

शब्द आणि चाल यांच्यासाठी, हक्क शिल्लक असेल तर, लागते. भारतीय कायद्यानुसार कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. तांबे १९४१ साली गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत, पण त्यांना लावलेल्या चाली मोकळ्या असतीलच असं नाही. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत थांबावं लागेल. सुधीर फडके २००२ साली, म्हणजे २०६२ अखेर.

ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा : प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणून एखादी १९६० ची तबकडी मोकळी झालेली असते आणि तिच्यातलं गाणं मात्र नसतं. गोंधळ होतो तो इथेच. जुनी तबकडी ऑनलाइन चढवणारे तिच्या सालाकडे बघतात, कवीच्या मृत्यूच्या सालाकडे बघत नाहीत आणि मग नोटीस आल्यावर चकित होतात.

शब्द-चालीचा परवाना आयपीआरएस या संस्थेकडून मिळतो. अर्जात गाण्यांची यादी, कवी आणि संगीतकार यांच्या नावांसह द्या. 'पारंपरिक' लिहिण्याआधी वरची नाममुद्रेची कसोटी एकदा लावून पाहा.